'तू शिकवतेस की नुसती मदत करतेस?'

प्रिय ताई,

मी मूळची सांगलीची. पुणे विद्यापीठातून कॉम्प्युटरमध्ये बी.ई. केलं, मग अमेरिकेत येऊन मास्टर्स केलं. आता मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर सायन्स विभागात 'इन्स्ट्रक्शनल स्पेशालिस्ट' आहे. पहिल्या वर्षाचा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा कोर्स आणि त्यानंतरचा डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स, या दोन्हींचं लेक्चर सोडून सगळं माझ्याकडे असतं. असाइनमेंट तयार ठेवायच्या, ऑटोग्रेडर (मुलांचा कोड आपोआप तपासून गुण देणारा प्रोग्रॅम) चालवायचा, टीएंच्या (शिकवायला मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या) वेळा लावायच्या, ऑफिस अवर्स घ्यायचे, मुलांच्या मेलना उत्तरं द्यायची. पायथनच्या कोर्सला सहाशेच्या वर मुलं आहेत.

डेडलाइन रविवारी रात्री बाराची असते. दुपारपासून रांग लागते. मी आणि टीए एकेकाचा कोड दुरुस्त करून त्याला पुढे पाठवतो आणि पुढच्या रविवारी तोच मुलगा तीच चूक घेऊन परत येतो. प्रोफेसर चांगले आहेत, पण असाइनमेंट बदलली की मला आदल्या दिवशी कळतं. चॅटजीपीटी आल्यापासून कोड कोणी लिहिला हेच समजेनासं झालंय.

त्यात या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्सच्या दोन मुलांचा कोड जवळजवळ सारखा निघाला. त्यातला एक पुण्याचा आहे. बी.ई. मेकॅनिकलची, म्हणून मास्टर्सच्या आधी हा कोर्स करावा लागतोय. तो मला येऊन म्हणाला, "ताई, तुम्ही आपल्याच आहात, सरांपर्यंत जाऊ देऊ नका ना." त्याची मावशी आमच्या महाराष्ट्र मंडळात आहे, तिचाही फोन येऊन गेला. मी अजून काहीच केलेलं नाही.

नवरा म्हणतो, कंपनीत जा. आई फोनवर विचारते, "तू शिकवतेस की नुसती मदत करतेस?" मला उत्तर देता येत नाही.

– एक वाचक, अमेरिका

---

आधी त्या मुलाचं बोलू. तुझ्या बाकीच्या प्रश्नांना पुढचं सेमिस्टर उजाडलं तरी चालेल, याला नाही चालणार.

प्रकरण प्रोफेसरांकडे जायलाच हवं, आणि हे वाचशील त्याच दिवशी. त्या जोडीतला दुसरा मुलगा डोळ्यांसमोर आण. त्याला तुझ्याशी मराठीत बोलता येत नाही, त्याच्या मावशीकडे तुझा नंबर नाही. दोघांनी एकच गोष्ट केली असेल, तर एकाला तुझी ओळख आहे म्हणून दोघांचंही दाबायचं, की एकाचंच? दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि हे तुलाही कळतंय, म्हणून तर तू अडकून पडली आहेस. शिवाय हे पुढे कधी बाहेर आलं तर त्या मुलाला तर त्रास होईलच, पण त्या विभागात तुझ्या शब्दाला काही किंमत उरणार नाही. मग पुढच्या खेपेला एखाद्या मुलाची बाजू खरोखर घ्यावीशी वाटेल, तेव्हा तुझं ऐकणार कोण?

मात्र जायच्या आधी पुरावा नीट बघ. मी धरून चालते की तुम्ही 'मॉस' वापरता. अ‍ॅलेक्स एकन यांनी १९९४ मध्ये तयार केलेलं, स्टॅनफर्डहून चालणारं. ते दोन प्रोग्रॅम किती सारखे आहेत तेवढंच सांगतं. कोणी कोणाचं घेतलं, घेतलं की दोघांनी मिळून लिहिलं, हे ते सांगत नाही आणि सांगू शकत नाही. तपासणी चालवताना तुम्ही मुलांना दिलेला स्टार्टर कोड बेस फाइल म्हणून जोडला होता का, हे पहिलं बघ. तो जोडला नसेल तर तुमच्याच ओळी दोघांच्या नावावर सारख्या मोजल्या जातात. दुसरं, असाइनमेंट कोणती होती? लिंक्ड लिस्टमध्ये, म्हणजे एकाला एक जोडलेल्या घटकांच्या यादीत, सुरुवातीला नोड (एक घटक) घालायचं फंक्शन वर्गातल्या शंभर मुलांचं सारखंच दिसणार, कारण ते लिहायची सरळ पद्धत एकच आहे. खरी खूण असते ती विचित्र जागी सापडते: दोघांच्याही कोडमध्ये कुठेच न वापरलेलं एकच व्हेरिएबल, शेवटचा नोड काढताना झालेली तीच चूक, कॉमेंटमधलं तेच चुकीचं स्पेलिंग. असं जे सापडेल ते दोन रकान्यांत शेजारी शेजारी लिही. 'कॉपी केली' हा शब्दसुद्धा लिहू नकोस. ठरवायचं काम प्रोफेसरांचं आणि विद्यापीठाच्या समितीचं आहे. त्याच मेलमध्ये एक वाक्य असू दे: यांपैकी एका विद्यार्थ्याच्या कुटुंबाशी आपली सामाजिक ओळख आहे, त्यामुळे यापुढची चौकशी दुसऱ्या कोणी बघावी.

मावशींना काय सांगायचं, त्याची सोय अमेरिकेतल्या कायद्यानेच करून ठेवलीय. १९७४ च्या 'फेर्पा' कायद्यानुसार कॉलेजातल्या विद्यार्थ्याच्या रेकॉर्डवरचा हक्क त्याचा स्वतःचा असतो. त्याच्या लेखी संमतीशिवाय एरवी ते आईवडिलांनाही दाखवता येत नाही, मावशी तर दूरच राहिली. त्यांना सरळ सांग, "मावशी, विद्यार्थ्यांबद्दल मला बाहेर काहीही बोलायची परवानगी नाही. तुम्ही त्याच्याशीच बोला." मंडळाच्या गणपतीत समोरासमोर आल्यावरही हेच, एवढंच. दोन वाक्यं जास्त बोललीस की मंडळात त्यांची चार होतील.

आता त्या मुलासाठी तू काय करू शकतेस? बरंच काही. त्याला मराठीत समजावून सांग, म्हणजे एकही शब्द निसटायला नको. बोलावणं येण्याआधी त्याने स्वतः प्रोफेसरांकडे जाऊन जे घडलं ते जसंच्या तसं सांगावं. आणि त्याच दिवशी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला जावं, कारण एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर पूर्ण कोर्स लोड ठेवावा लागतो. कोर्स सोडायची वेळ आली किंवा निलंबन झालं, तर प्रश्न फक्त ग्रेडचा राहत नाही. घाबरून एखाद्या मित्राच्या सांगण्यावरून त्याने परस्पर कोर्स ड्रॉप केला, तर एकातून सुटायला जाऊन दुसऱ्यात अडकेल. यात त्याला पाठीशी घालण्यासारखं काही नाही. असं नीट सांगणारं माणूस त्याला तिथे दुसरं मिळणार नाही.

एक गोष्ट तुला माहीत आहे आणि तुझ्या प्रोफेसरांना बहुतेक माहीत नाही. मी पुण्यात इंजिनीअरिंगला शिकवत होते तेव्हा सबमिशनच्या आदल्या रात्री एकाच जर्नलभोवती अख्खी बॅच बसून उतरवताना पाहिली आहे. प्रोग्रॅमचं प्रिंटआउट एकाचं, आउटपुट एकाचं, नावं वीस. कोणाला त्यात काही गैर वाटायचं नाही. सही करणाऱ्या आम्हा लोकांनाही ते माहीत असायचं. अशा वातावरणातून आलेल्या मुलाकडे रूममेटने रात्री अकरा वाजता फाइल मागितली, तर नाही म्हणायचीच त्याला लाज वाटते. त्याला ती मैत्री वाटते. हे कारण आहे, माफी नाही, पण प्रोफेसरांना ते कळायला हवं. पुढच्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात भारतातून आलेल्या मुलांसाठी अर्धा तास माग. त्यात नियम वाचून दाखवू नकोस, प्रसंग दे. मित्राला फळ्यावर कल्पना समजावून सांगितली, चालेल का? त्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून चूक दाखवली? आपली फाइल पाठवली, 'फक्त बघायला'? एकेका प्रसंगावर त्यांच्याकडून हात वर करून घे. तिसऱ्या प्रसंगाला वर्गात जी कुजबुज होईल, त्यातच तुझं काम होईल.

आता रविवारची रांग.

एक प्रसंग सांगते. तुझ्याकडे तो नेहमीच घडत असणार. असाइनमेंट अशी आहे की तापमानांची यादी घेऊन तिची सरासरी परत देणारं फंक्शन लिहायचं. मुलीने लूप बरोबर लिहिलाय, बेरीज बरोबर, भागाकार बरोबर आणि शेवटच्या ओळीत उत्तर प्रिंट केलंय. तिच्या स्क्रीनवर २१.५ दिसतंय. ऑटोग्रेडर म्हणतो, अपेक्षित २१.५, मिळालं 'नन' (म्हणजे काहीच नाही), गुण शून्य. तिने स्वतःच्या डोळ्यांनी २१.५ पाहिलंय, त्यामुळे तिच्या लेखी यंत्र खोटं बोलतंय. ती रांगेत पाऊण तास उभी राहते. टीए येतो, कीबोर्ड आपल्याकडे ओढतो, 'प्रिंट' खोडून 'रिटर्न' लिहितो. सगळ्या टेस्ट हिरव्या. ती आभार मानून जाते आणि तिच्या डोक्यात एवढंच राहतं की काही वेळा प्रिंटच्या जागी रिटर्न लिहावं लागतं. कधी आणि का, ते कुठे आलं? पुढच्या रविवारी ती परत येणारच.

म्हणून पहिला नियम, तुला आणि प्रत्येक टीएला: मुलाच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. त्या मुलीला एवढंच सांग की खाली आणखी एक ओळ लिही आणि या सरासरीची दुप्पट करून दाखव. ती फंक्शनला बोलावेल, त्याला दोनने गुणेल आणि पायथन तिला सांगेल की 'नन'ला दोनने गुणता येत नाही. आता ती थांबेल. उत्तर स्क्रीनवर दिसलं, मग पुढच्या ओळीच्या हाती का आलं नाही? हा प्रश्न तिच्या तोंडून येईपर्यंत तू गप्प बस. मग फिलिप गुओ यांचं 'पायथन ट्यूटर' उघड. त्यात प्रोग्रॅम एकेक ओळ पुढे सरकतो आणि कोणत्या क्षणी कोणतं व्हेरिएबल कुठे आहे, फंक्शन संपताना काय घेऊन बाहेर पडतं, हे चित्रात दिसतं. प्रिंट आणि रिटर्न अशा दोन्ही प्रकारे ती चालवेल आणि फरक तिचा तिला दिसेल. याला आठ-दहा मिनिटं लागतात. टीएने खोडून लिहिलं की एका मिनिटात होतं.

तू म्हणशील, रांगेत चाळीस मुलं असताना प्रत्येकाला दहा मिनिटं कुठून आणू? बरोबर आहे. रांगेच्या तोंडाशी ती मिळणार नाहीत, रांग लागायच्या आधीच ती वाचवावी लागतील. आणि ती वाचवायची किल्ली तुझ्याच हातात आहे, कारण ऑटोग्रेडर तू चालवतेस.

ऑटोग्रेडरला तू नळ चालू ठेवण्यासारखं काम समजतेस, असं पत्रावरून वाटलं. मला तो तुझा फळा वाटतो. सहाशे मुलं लेक्चरला मन लावून बसतीलच असं नाही, पण टेस्ट नापास झाल्यावर तिथे जे दोन ओळींचं लिहून येतं, ते सहाशेच्या सहाशे मुलं जीव टाकून वाचतात. तुम्ही ग्रेडस्कोप हे ऑनलाइन तपासणीचं साधन वापरत असाल तर प्रत्येक सबमिशन स्वतंत्रपणे, वेगळं ठेवून चालवलं जातं, शेवटी निकालाची एक फाइल तयार होते आणि त्या फाइलमध्ये तू लिहिलेलं वाक्यच मुलाला दिसतं. तिथे 'टेस्ट ३ फेल, अपेक्षित २१.५, मिळालं नन' याच्याऐवजी असं लिही: 'तुमच्या फंक्शनने काहीच परत दिलं नाही. उत्तर स्क्रीनवर दिसत असेल तर ते दाखवलं गेलंय. बोलावणाऱ्याच्या हाती ते आलंय का?' उत्तर सांगू नकोस, कुठे बघायचं ते सांग. मागच्या सेमिस्टरमध्ये ज्या पाच चुका पुनःपुन्हा आल्या, त्या पाचांसाठी अशी वाक्यं लिहायला एक दुपार पुरेल.

त्याच दुपारी तुझ्या स्वतःच्या टेस्टही तपास. दशांशातली उत्तरं तंतोतंत तुलना करून तर तपासली जात नाहीत ना? पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही, शेवटी चाराचं शेपूट लागून ०.३०००००००००००००००४ येते. बरोबर लिहिलेल्या मुलाला अशा कारणाने शून्य मिळालं की तो प्रोग्रॅमिंगवर नाही, स्वतःवर शंका घेतो. प्रिंट केलेलं आउटपुट तपासताना शेवटची मोकळी जागा, शेवटची रिकामी ओळ यांच्यावरून गुण जाता कामा नयेत, अपवाद फक्त तोच धडा असेल तेव्हाचा. काही टेस्ट डेडलाइननंतरच दिसतील अशा लपवून ठेव, नाहीतर मुलं विचार करायचा सोडून हिरवं होईपर्यंत सबमिटचं बटण दाबत बसतात. पण लपवलेली टेस्ट कशाबद्दल आहे, ते नावात असू दे: 'रिकामी यादी दिली तर', 'एकच तापमान दिलं तर'. तेवढ्यावरून चांगला विद्यार्थी स्वतःची टेस्ट स्वतः लिहायला लागतो, आणि पुढे नोकरीत त्याला तेच करायचं आहे.

रविवारी रात्री बाराची डेडलाइन मला अजिबात पटत नाही. ज्या वेळी मदतीला कमीत कमी माणसं असतात, नेमकी तीच वेळ मुलांना सगळ्यात जास्त मदत लागायची ठरवून ठेवल्यासारखं होतं ते. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी संध्याकाळची वेळ माग, आणि त्याच्या तीनेक दिवस आधी एक छोटा टप्पा: फक्त पहिलं फंक्शन, थोडेसे गुण. ज्यांनी फाइल उघडलेलीच नाही ते तिथे कळतात.

हे प्रोफेसरांना पटवायचं कसं? ज्याची त्यांना गरज आहे आणि जे त्यांच्याकडे नाही, ते त्यांना देऊन. आजपासून ऑफिस अवर्समध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक ओळ लिहायची. नाव नाही, फक्त असाइनमेंट, प्रश्न क्रमांक आणि अडचण काय होती. 'असा.४, प्रश्न ३, प्रश्नातलं दुसरं वाक्य चुकीचं समजलं.' 'असा.४, प्रश्न ५, लूपच्या आत बेरीज दर वेळी शून्य करतोय.' टीएंनाही हेच. शुक्रवारी ती वही किंवा शीट क्रमाने लाव आणि वरच्या तीन अडचणी, किती जणांना आल्या त्या आकड्यांसकट, प्रोफेसरांना पाठव. लांबलचक मेल नको. तक्रार अजिबात नको. ज्या दिवशी तू लिहिशील की या आठवड्यात आलेल्यांपैकी अर्धी मुलं एकाच वाक्यावर अडली, त्याच्या पुढच्या लेक्चरला ते त्या वाक्यावर बोलतील. मी अशी नोंद घेऊन गेले आणि ऐकून घेतलं नाही, असा शिक्षक मला आजवर भेटलेला नाही. चांगल्या शिक्षकाला हे हवंच असतं, त्याला ते मिळत नसतं.

कारण ते फळ्याकडून बघतात. त्यांना मिडटर्मची सरासरी दिसते, समोरच्या दोन रांगांतली हसरी तोंडं दिसतात. टीए दर सेमिस्टरला बदलतात. मुलं पुढच्या कोर्सला जातात. एकच कोर्स सेमिस्टरमागून सेमिस्टर मुलांच्या बाजूने बघणारं माणूस त्या विभागात एकच आहे, आणि ते तू आहेस. २००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, पहिला प्रोग्रॅमिंग कोर्स झाल्यावर, साधी आकडेमोड करणारा प्रोग्रॅम लिहायला दिला. ११० पैकी सरासरी २३ च्या आसपास आली. त्या मुलांचे शिक्षक आळशी नव्हते. उलट, हा प्रश्न मुलांना जमेल असं त्यांना मनापासून वाटत होतं. शिक्षकाला जे शिकवलं असं वाटतं आणि मुलाच्या डोक्यात जे पोचतं, त्यांच्यातलं अंतर फळ्याजवळून दिसत नाही. तुझ्या खुर्चीतून दिसतं. म्हणून ते लिहून ठेवणं हे मला तुझ्या नोकरीतलं पहिलं काम वाटतं, रांग संपवणं त्याच्या मागून येतं.

असाइनमेंट आदल्या दिवशी बदलण्याचं एवढंच सांगते: ती जाहीर व्हायच्या पाच दिवस आधी गोठवायची, आणि मधल्या दिवसांत एका टीएने उत्तर न बघता ती स्वतः सोडवून वेळ लिहायची, अशी पद्धत सुचव. टीएला तीन तास लागले तर पहिल्या वर्षाच्या मुलाला किती लागतील, हे प्रोफेसरांना मग सांगावं लागत नाही.

टीएंचं प्रशिक्षण फार मोठं करू नकोस. सेमिस्टरच्या सुरुवातीला एक बैठक, त्यात एकाने गोंधळलेला विद्यार्थी व्हायचं, दुसऱ्याने हात पाठीमागे बांधून फक्त प्रश्न विचारायचे. आणि मिडटर्म तपासायच्या आधी सगळ्यांनी त्याच चार उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासून गुण ताडून बघायचे. एकाच उत्तराला एकाचे १० पैकी ४ आणि दुसऱ्याचे ९ निघाले की रुब्रिक, म्हणजे गुण देण्याचे ठरवलेले निकष, कुठे कच्चं आहे ते बैठकीतच उघड होतं.

चॅटजीपीटीबद्दल तू फार थोडं लिहिलंस, पण तुला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटतेय असं मला जाणवलं. पहिल्या कोर्सच्या असाइनमेंट ही साधनं काही सेकंदांत सोडवतात, हे आता मान्य करून पुढे जायला हवं. कोड यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखून देतो म्हणणाऱ्या साधनांच्या टक्केवारीवरून कोणाही मुलावर बोट ठेवू नकोस. नीटनेटका कोड लिहिणारा प्रामाणिक मुलगा त्यात सहज सापडतो. बंदीनेही फारसं साधत नाही. हार्वर्डच्या 'सीएस ५०' कोर्सने २०२३ मध्ये स्वतःचा एक एआय मदतनीस आणला. तो बदकाच्या रूपात बोलतो आणि थेट उत्तर न देता मुलाला प्रश्नांमधून पुढे नेईल, असा तो घडवला आहे. म्हणजे चांगल्या टीएला जे शिकवायचं, तेच यंत्राला शिकवायचा प्रयत्न. तसं काही तुमच्याकडे येईल तेव्हा येईल. पण तुझ्याकडे आजच एक गोष्ट आहे जी तुझ्या आसपासच्या बहुतेकांकडे नाही.

तू व्हायवा दिलेल्या आहेस. प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल समोर बसायचे, तुझाच प्रोग्रॅम पुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "ही ओळ काढली तर काय होईल?" अमेरिकेत बी.एस.च्या (पदवीच्या) मुलाला सहसा असं कोणी समोर बसवून विचारत नाही. तू ते सुचव. सेमिस्टरमध्ये दोनदा, प्रत्येक मुलाची पाच मिनिटं, टीएसमोर, त्याचाच सबमिट केलेला कोड. एक ओळ दाखवून ती कशासाठी आहे ते विचारायचं, एक छोटा बदल तोंडी करायला सांगायचा. सहाशे मुलं गुणिले पाच मिनिटं म्हणजे ५० तास. वीस टीए असतील तर प्रत्येकाला एका फेरीचे अडीच तास, असाइनमेंट तपासण्यातून वाचणाऱ्या वेळात हे बसतं. यंत्राची मदत घेऊनही ज्याला स्वतःचा कोड कळलाय तो पास होईल, आणि व्हावाच. ज्याला कळला नाही त्याला मिडटर्मच्या आधी ते समजेल, आणि तुलाही.

पण आपल्याकडच्या व्हायवाचे दोषही तुला ठाऊक आहेत. एक्स्टर्नलचा मूड, आडनाव ऐकून बदलणारा सूर, इंग्रजी अडखळलं की कापलेले गुण. ते तिकडे नेऊ नकोस. प्रश्न आधी लिहिलेले असावेत, सगळ्यांना एकाच पातळीचे असावेत, गुण 'समजलंय, थोडं समजलंय, अजून नाही' एवढ्या तीनच पायऱ्यांत असावेत. बोलताना अडखळणाऱ्या किंवा अपंगत्वामुळे सवलत असलेल्या मुलांसाठी लेखी पर्याय पहिल्या दिवसापासून असावा.

शेवटी तुझ्या नोकरीचं. नवरा तुझ्या भल्याचंच सांगतोय, पण निर्णय रविवारच्या थकव्यातून घेऊ नकोस. आणि एक व्यावहारिक गोष्ट तपास: तुझा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा विद्यापीठामार्फत असेल तर तो अशा व्हिसांच्या संख्येवर असलेल्या वार्षिक मर्यादेच्या बाहेरचा आहे. खासगी कंपनीत जायचं तर, त्या मर्यादेत तुझी आधी कधी गणना झालेली नसेल, तर लॉटरीत उतरावं लागेल. लॉटरी म्हणजे वर्षाला ६५ हजार व्हिसा, आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी वरचे २० हजार. वकिलाला विचारल्याशिवाय राजीनाम्याचा विषय काढू नकोस. नुसत्या मानासाठी पीएच.डी.ही करू नकोस. मुलं प्रोग्रॅमिंग कशी शिकतात हाच प्रश्न तुला झोपू देत नसेल तर जरूर कर, तो आता संशोधनाचा रीतसर विषय आहे.

मान मागायचा तर नेमका माग. सिलॅबसवर प्रोफेसरांच्या नावाखाली तुझं नाव आणि काम. कोर्सच्या साप्ताहिक बैठकीत तुझी खुर्ची. तुझ्या कामाच्या वर्णनात असाइनमेंटची रचना आणि टीएंचं प्रशिक्षण हे शब्द लेखी. या तीन गोष्टी विभागप्रमुखांच्या अधिकारातल्या असतात, आणि शुक्रवारच्या चार-सहा नोंदी हातात असतील तर मागायला अवघड जात नाहीत.

आईला सांग, शिकवते. तिला पटायला वेळ लागला तर लागू दे.

आणि त्या नोंदी टाकून देऊ नकोस. कॉम्प्युटर सायन्स शिकवणाऱ्यांची 'सिगसी'ची परिषद दर वर्षी भरते आणि तिथे वर्गातल्या अनुभवांवरचे लेख स्वतंत्र विभागात घेतात. ऑटोग्रेडरची वाक्यं बदलल्यावर रांगेत काय फरक पडला, हा एका सेमिस्टरच्या नोंदींवर लिहिता येईल असा विषय आहे. लेखात मुलांची माहिती वापरायची असेल तर विद्यापीठाच्या संशोधन-नैतिकता समितीला, म्हणजे आयआरबीला, आधी विचार. प्रोफेसरांना सहलेखक म्हणून बोलाव, पहिलं नाव तुझं ठेव. मसुदा झाला की मला पाठव, मी वाचून देईन.

– तुझी ताई